दारातला खड्डा

"धुरपते! भाईर ये! आदी भाईर ये, मंग बोल!"

किसनतात्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून ओरडत होते. तात्यांचा आवाज असा, की त्यांनी आमच्या शिवारात बैलाला हाक मारली तर तिकडं कर्नाटकातले बैल माना वळवत. पण खड्ड्याला त्याचं काहीच नव्हतं. दर चार शब्दांनी आतून फावडंभर माती उडायची आणि नेमकी तात्यांच्या वहाणांवर पडायची.

"तुळशीपासून सा हातावर हागनखाना? आपल्या सात पिढ्यांत कुनी दारात बसलं न्हाई, अन् तू घरान्याच्या तोंडावर खड्डा खांदायलीस?"

फावडं थांबलं. खड्ड्यातून आधी पदर दिसला. डोक्यावरून नीट घेतलेला, कारण समोर थोरले भाऊजी. मग त्या पदराखालून आवाज आला.

"तात्या, जरा मागं सरका. माती ठिसूळ हाय. पडताल, अन् उद्घाटन तुमचंच व्हईल."

गल्ली जमली होती. बायकांनी हसू दाबायला पदर तोंडात कोंबले. आमच्या आईचा तर घशात गेला, तिच्या पाठीत गुद्दे घालून तो बाहेर काढावा लागला.

"मंग मागं खांद की! परसात जागा का कमी हाय?"

"मागं हापसा हाय. बारा पावलांवर. समदी गल्ली त्याचंच पानी पिती. मागं खांदला तर पाझरून पाझरून समदे माझंच पिताल. दारात पायजे का पोटात, बोला!"

"अन् तुळस?"

"तिला इचारलं म्या. ती म्हनली, माझं काय न्हाई, तू हापशाला जप."

उत्तर नसलं की आमच्या गावात "अशी रीत न्हाई" म्हणतात. तात्या तेवढं म्हणाले, वहाणा झटकल्या आणि निघाले. मागून आणखी एक फावडं माती उडाली.

ही आमची धुरपताकाकू. कागदोपत्री द्रौपदी, पण त्या नावानं हाक मारली तर तिला वाटायचं तलाठी आला. गाव किल्लारीहून निलंग्याला जाताना रस्त्यालगतचं. नाव सांगत नाही, सांगितलं तर भावकी काठ्या घेऊन लातूरपर्यंत चालत येईल. तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. त्यामुळं मी जे सांगतो त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, निम्मं भिंतीतून ऐकलेलं आहे, आणि उरलेलं निम्मं माझं आहे.

काकू उंचीला ज्वारीच्या खुरट्या बाटुकाएवढी आणि आवाजाला मळणीयंत्राएवढी. रंग सावळा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि हात मात्र असे, की दुसऱ्या कुणाचे आणून जोडलेत असं वाटावं. धुऊन धुऊन, राखेनं घासून घासून गुलाबी झालेले. नखं ती विळीवर कापायची. भाजी चिरल्यासारखी, दहाच्या दहा, बोलता बोलता. आम्ही पोरं श्वास धरून बघायचो, की आज तरी एखादं बोट जातंय. कधी गेलं नाही.

तिची भांडी तर विचारूच नका. तिनं घासलेली कळशी एकदा ओट्यावर उन्हात वाळत होती. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं समोरून गाडी येतेय, भर दुपारी त्यानं दिवे लावले आणि हॉर्न देत सरळ आमच्या उकिरड्यात उतरला. काकूनं त्याला चहा पाजला. पण आधी हात धुवायला लावले.

हा तिचा मुख्य रोग. इतर घरी माणूस गेलं की "या, बसा" म्हणतात. काकू म्हणायची, "हात दाव." जावई असो, मास्तर असो, गोसावी असो. एकदा निवडणुकीत एक उमेदवार दारात आला. पांढरे कपडे, मागं पंचवीस माणसं, हात जोडलेले. काकूनं ते जोडलेले हात शेंगा सोलाव्यात तसे उघडले, आत बघितलं आणि पंचवीस माणसांसमोर म्हणाली, "मत देते लेकरा, पर आदी नखं काप." उमेदवार पडला. आमच्या वॉर्डात त्याला एकच मत जास्त पडलं, आणि त्याची नखं त्या दिवसापासून कायम कापलेली दिसतात.

"सवळं येगळं, सवच्छ येगळं," असं ती म्हणायची. हा टोला तात्यांना असे. तात्या देवाला शिवायच्या आधी दोन वेळा आंघोळ करत, ओलेत्यानं पूजा करत, वाटेत कुणी आडवं आलं तर तिसरी आंघोळ करत, आणि मग त्याच सोवळ्याच्या सोग्यानं नाक पुसत. काकू पदर सावरून मोठ्या आदरानं विचारायची, "तात्या, देवाला सर्दी झाली का?"

असल्या बाईला गावानं सांभाळलं कसं? तर तिच्या पुरणासाठी. पंचक्रोशीत तसं पुरण नव्हतं. लग्नाची तिथी काढायला लोक आधी गुरुजींकडं जात आणि मग काकूकडं, आणि दोघांत मेळ बसला नाही तर ग्रहांना सरकावं लागे. चुलीवर तिचं राज्य. हात धुतल्याशिवाय ती कुणा बाईला कणकेला बोट लावू देत नसे. बायका कुरकुरत, पण धूत. पोळी तोंडात गेली की कुरकुर विरघळून जाई.

आणि दुसरं तिचं राज्य म्हणजे गोदरी. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. गावच्या बायका पहाटे आणि दिवस बुडताना तांबे घेऊन घोळक्यानं ओढ्याच्या कडेला जात, ती गोदरी. शहरातल्या माणसाला वाटतं ती फक्त घाण. घाण होतीच. पण ज्या सुनेला घरात तोंड उघडायची चोरी, तिचं तोंड तिथं उघडायचं. कुणाच्या पाठीवर वळ उठलेत, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या लेकीला स्थळ बघायचंय, सगळं तिथं. पुरुष ग्रामसभेत जे मंजूर करत, ते आदल्या संध्याकाळी ओढ्यावर मंजूर झालेलं असे. आणि त्या सभेची अध्यक्ष होती धुरपताकाकू. तिच्या पुढं चालायची कुणाची छाती नव्हती.

हे सगळं नांदेडनं बिघडवलं.

काकूचा मुलगा भगवान नांदेडात कामाला लागला, तिथंच भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागला. सून बाळंत झाली म्हणून काकू दीड महिना तिकडं गेली. त्या घरात स्वयंपाकाच्या ओट्याच्या भिंतीला लागूनच संडास. काकूनं ते पाहिलं आणि तिला भोवळ आली. "हिकडं रांधायचं अन् तिकडं...? शी! मानसं हायसा का कोन?" म्हणजे बघा, पहिल्या दिवशी काकू आणि तात्या यांचं मत अगदी एक होतं. तीन दिवस ती गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिचा रंग निळा पडला होता, असं सून शपथेवर सांगते. चौथ्या दिवशी सकाळी दार लागलं, आणि उघडलं तेव्हा नांदेडात दुपार झाली होती. बाहेर आली, हात घासले, ओट्याजवळ उभी राहिली आणि बराच वेळ इकडंतिकडं बघत राहिली.

"काय शोधायलाव?" सुनेनं विचारलं.

"माशी," काकू म्हणाली. "हितं माशी न्हाई गं."

गावाकडं परत आली ती ही माशी डोक्यात घेऊनच. आता पुढचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, असं आमची आई सांगते. तात्या नुकतेच ग्रामपंचायतीत निवडून आले होते आणि मिरवणुकीतला अर्धं पोतं गुलाल भावकीच्या खोलीत उरला होता. काकूनं एका दुपारी तो पाटीत घेतला, ओढ्यावर गेली आणि सबंध गोदरीवर शिंपडून आली. मग घरी येऊन, हात धुऊन, तात्यांच्या ओट्यासमोर उभी राहिली. तात्या जेवायला बसले होते. दही-भाकरी. बघता बघता दह्यावर गुलाबी ठिपके उमटले. भाकरीवर उमटले. दोन ठिपके तात्यांच्या पांढऱ्या मिशीवर उमटले.

"हे काय गं?" तात्या.

"माश्यांची पावलं," काकू पदर सावरून म्हणाली. "वढ्यावरनं आल्यात. तुमच्याच इजयाचा गुलाल हाय."

तात्यांनी वर्षभर दही सोडलं. गोदरी सोडली नाही. त्यांनी घटनेचा नीट विचार केला आणि निष्कर्ष काढला, की माश्या पूर्वीपासून आहेत, धुरपताच बिघडली आहे.

त्यानंतर काकूनं फावडं उचललं. गवंड्याला बोलावलं तर तात्यांनी त्याला परत पाठवलं, म्हणून खड्डा तिनं आणि मारोतीकाकानं मिळून खणला. मारोतीकाका म्हणजे तिचा नवरा. त्याच्या वाटचं सगळं बोलणं लग्नातच तिच्याकडं गेलं असावं, तो फक्त मान हलवायचा. महिनाभरात चार भिंती आणि पत्र्याचं दार उभं राहिलं. तोंड थेट रस्त्याकडं. दार उघडलं की पत्रा असा वाजायचा, की काकू आत गेली हे गावाला कळायचं आणि बाहेर आली हेही कळायचं. तिला त्याची लाज नव्हती. "चोरी करून चालले का?" म्हणायची.

गावानं भांडण केलं नाही. भांडण केलं असतं तर काकूनं गाव उभं चिरलं असतं. गावानं फक्त तिच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. "दारात घान ठिवून रांधती," एवढंच वाक्य गल्लीतून फिरलं. आणि मजा अशी, की हे बोलणाऱ्या तोंडात हापशाचं पाणी होतं, ते तिच्या खड्ड्यानं दारात राहून जपलेलं.

मग तात्यांच्या नातीचं लग्न निघालं. काकूला पुरणाला कुणी बोलावलं नाही. ती बोलावण्याची वाट बघणारी नव्हती. पोळपाट-लाटणं काखेत मारून सरळ मांडवामागं चुलीपाशी गेली. कुणी "जा" म्हणालं नाही. सगळ्याजणी नुसत्या सरकल्या, एकमेकींना चिकटल्या. चुलीभोवती बायका अशा दाटून बसल्या की मुंगीला वाट नाही. आमच्या गावात माणसाला हाकलून देत नाहीत, नुसतं आणखी जवळजवळ बसतात. काकू पाच मिनिटं पोळपाट घेऊन उभी राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "डाळ कच्ची हाय," आणि परत आली. डाळ खरंच कच्ची होती. निम्मं वऱ्हाड दुसऱ्या दिवशी ओढ्यावर होतं.

पण खरी लागली ती दुसरीच गोष्ट. पुरण गेलं तर गेलं, तिला संध्याकाळ सुटत नव्हती. दिवस बुडायला आला, बायकांचा घोळका गल्लीतून निघाला, की तिचे पाय वळवळायचे. एका संध्याकाळी ती घोळक्यात शिरली. हातात तांब्या नाही, काही नाही.

तात्यांच्या घरच्या गयाबाई, म्हणजे काकूची थोरली जाऊ, जागेवर थांबली. "तू कुठं?"

"तुमच्यासंगं. बोलायला."

"तांब्या कुठाय?"

"मला लागली न्हाई गं अक्का. तुमी बसा, मी रस्त्याच्या कडेला धोंड्यावर बसते. तितनं बोलते. आवाज पोचतो माझा."

तो पोचला असता याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण गयाबाईनं मान हलवली. "असं रिकामं न्हाई यायचं. आमी काय तमाशा हाव का? तांब्या घे, मंग चल."

"लागली नसली तरी?"

"नसली तरी. नुसता हातात धर."

आमची आई मध्ये पडली. काकूची ती जिवाची मैत्रीण. तिनं काकूच्या दंडाला धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "घे की गं धुरपता. रिकामाच घे. भरलेला हाय का रिकामा, कोन बघतंय?"

"मी बघते की," काकू म्हणाली.

घोळका पुढं गेला. आईही गेली. जाऊ नये तर काय करावं? आमच्या घरात संडास नव्हता, आणि बाईनं एकटीनं ओढ्याला जायचं नसतं. परत आल्यावर आई भिंतीला कान लावून बसली. पलीकडून रोज भांड्यांचा आणि बोलण्याचा गोंगाट यायचा, आज काहीच नव्हतं. आई म्हणाली, "भिंत मेल्यावानी झाली."

नंतर काकू बोलू लागली, पण म्हशीशी. मग तुळशीशी. मग हापशाशी. हापशाला तर ती गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणायची, "पी बाबा, तुजंच पानी पी, तुला तरी माहीत हाय ते कसं ऱ्हायलं ते."

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मी उपदेश केला असा आळ नको. आज आमच्या गावात घरोघरी संडास आहेत. सरकार मागं लागलं, पहाटे शिट्ट्या वाजवत पथकं आली, तेव्हा बांधले. सगळ्यांनी रीतीप्रमाणं परसात बांधले, म्हणजे हापशाभोवती गोल. आता हापशाला लाल रंग फासलाय, पिऊ नये म्हणून. गाव टँकरचं पिऊन राहिलंय. "धुरपता बरोबर होती" असं अजून एकानंही म्हटलेलं नाही. काकू आता नाही. मी तिला नंतरही पुष्कळदा पाहिलं, आजारी पाहिलं, भगवानच्या नांदेडच्या खोलीत खिडकीशी बसलेली पाहिलं. पण डोळ्यांपुढं येते ती कायम त्या येळवशीची.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडचा हा सण, त्या दिवशी घराला कुलूप आणि सगळं गाव रानात. लातूर शहर असं ओस पडतं की कुत्री चौकात झोपून गाणी म्हणतात. रानात कडब्याची कोप करायची, आत पूजा मांडायची, आंबील शिंपडायची आणि मग पंगत. डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, खीर. एकमेकांच्या रानात जाऊन जेवायचंच, ओळख असो-नसो. त्या दिवशी ज्याच्या कोपीत कुणी जेवलं नाही, तो माणूस गावात असून नसल्यासारखा. काकूचं रान रस्त्याला लागून, तिच्या भज्जीला गावभर नाव, दर साली तिच्याकडं चाळीस पानं उठत.

त्या साली काकूनं काढलं सगळ्यात मोठं पातेलं.

मारोतीकाकानं वर्षाचा कोटा मोडून तोंड उघडलं. "केवडं करायलीस?"

"दरसालाएवडं."

"खानार कोन?"

"चूल पेटवा. घास मोजायचं काम तुमाला कुनी दिलं?"

मी लातूरहून सुट्टी काढून आलो होतो. आमचं रान तिच्या बांधाला लागून. सकाळी दहापासून बायका बांधावरून जायला लागल्या आणि काकू कोपीपुढं उभी राहून एकेकीला नावानं बोलवायला लागली. "गयाअक्का! या की! शालन, ये गं! लेकराला घिऊन ये!" प्रत्येकीचं उत्तर एकच, "जेवलाव गं." सकाळी दहाला! त्या दिवशी आमच्या गावात सगळे कोंबड्याबरोबर उठून पोटभर जेवले असावेत.

माझ्या आईच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तिनं तोंडात घातला नाही आणि खालीही ठेवला नाही. मी उठायला लागलो. आईनं नुसतं बघितलं माझ्याकडं. तिला उद्या संध्याकाळी त्याच घोळक्यात जायचं होतं. मी लातुरात खुर्चीवर बसून काम करणारा, चार पुस्तकं वाचलेला बाप्या, परत खाली बसलो.

दुपार झाली. काकूची पंगत, म्हणजे मारोतीकाका एकटा. पातेल्यातली भज्जी तशीच, वर वाफ. काकूनं पातेल्याकडं बघितलं, गावाकडं बघितलं, पळी उचलली आणि ताडताड रस्त्यावर जाऊन मधोमध उभी राहिली.

किल्लारीकडून एक जीप आली. करकचून ब्रेक लागला.

"मावशी! मरायचंय का?"

"न्हाई. जेवायचंय. उतर."

"अवो, पाशिंजर हायती..."

"मंग त्यांना काय पोट न्हाई? उतरा रे समदे! येळवस हाय!"

ती जीप दहा माणसांची, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबानं आतून चोवीस माणसं निघाली. वरून शेळीसकट एक म्हातारा उतरला तो वेगळा. काकूनं सगळ्यांना बांधाशी रांगेत उभं केलं. मारोतीकाका कळशीनं पाणी ओतत होता, काकूच्या हातात साबणाची वडी. "हात दाव. दुसरा. नखात काय हाय? घास. तू ये, बस."

नांदेडच्या दोन नर्सिंगच्या पोरी होत्या, त्यांचे हात पाहून काकू खूश झाली. कारखान्यावर निघालेली ऊसतोडणीची एक बाई होती, कडेवर लेकरू. काकूनं लेकराचेही हात धुतले आणि ते ओरडलं तसं त्याच्याच आवाजात ओरडली. देगलूरकडचा घोंगड्यावाला निम्मं तेलुगू बोलत होता, त्याला बोलण्यापेक्षा खायची घाई होती. एक बांगड्यावाले चाचा होते, पांढरी दाढी. ते बाजूला उभे राहून म्हणाले, "अम्मा, मैं बी बैठूं क्या?"

"हात दाव."

चाचांनी दाखवले. काकू म्हणाली, "बैठो."

आणि मागं एक बाई होती, लातुरात रस्ते झाडायच्या कामावरची. तिनं हात पाठीमागं धरले होते. "मला पुडीत बांधून द्या मावशी, मी तिकडं रस्त्याला बसून खाते." काकूनं तिचे हात ओढून पुढं घेतले, साबण लावला, धुतले, उलटेपालटे करून उन्हाला धरले आणि रांगेला ओरडून सांगितलं, "बघा रे! असे पायजेत!" आणि तिला पंगतीत मधोमध बसवलं, घोंगड्यावाला आणि शेळीवाला म्हातारा यांच्यामध्ये.

मागून दुसरी जीप आली. ती थांबवायची गरजच पडली नाही, वासानं थांबली. मग एक ट्रॅक्टर. मी म्हणतो, दीडशे माणसं जेवली. आई म्हणते सदतीस. पण आईचं गणित पहिल्यापासून कच्चं.

सगळ्या शिवारातून गाव बघत होतं. भाकरी हातात, माना वर. मला काही ते बसून बघवेना. बांध ओलांडायची हिंमत नव्हती, म्हणून मी लबाडी केली. आमच्या रानाच्या मागच्या बाजूनं, ओढ्यातून वळसा घालून रस्त्यावर आलो आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या मागं रांगेत उभा राहिलो, प्रवासी असल्यासारखा.

माझी पाळी आली. काकूनं हात बघितले. मग वर बघितलं.

"कुठला तू?"

"काकू, मी..."

"काकू म्हनू नगं. पाशिंजर हायस न्हवं? गाव सांग."

"लातूर," मी म्हणालो.

"लांबून आलास," ती म्हणाली. "बस. पोटभर जेव." आणि इतरांना एकेक वाढली तशी मलाही एकच पळी वाढली, जास्त नाही.

ऊन कललं. लोकांनी आपापली पानं उचलली, पातेल्याचा तळ दिसला, गाड्या गेल्या. मीही बांधाच्या या बाजूला, कोपीपाशी उभा राहिलो. परत वळसा घालायचं कारण राहिलं नव्हतं, अख्ख्या शिवारानं मला पंगतीत पाहिलं होतं. तेवढ्यात किसनतात्या बांधाच्या त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. मागं गयाबाई, तिच्या मागं बायका, त्यांत आमची आई. तात्या या वेळी ओरडले नाहीत. हे जास्त भीतीचं होतं.

"धुरपता," ते म्हणाले, "आज येळवशीला आपल्या वाडवडलांच्या रानात कोन जेवून गेलं गं? कोन्या गावची, कोन्या जातीची, कुना-कुनाची मानसं होती ती?"

काकूनं पदर सावरला. पातेलं आडवं केलं आणि राख घेऊन घासायला बसली.

"इचारलं न्हाई," ती म्हणाली. "हात धुतले व्हते."